गाडी ओरडते, पण कुठून?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात जुन्या फोर बाय फोर पिकअप गाड्या अजून कामावर आहेत. दिवसा त्यांत धानाची पोती, मोहफुलं, तेंदूपानांचे गठ्ठे असतात, आणि रात्री-अपरात्री त्याच गाडीत एखादी अडलेली बाई किंवा तापाने फणफणलेलं पोर दवाखान्याकडे निघतं. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर गाडी बसली तर गॅरेज शोधणार कुठे? म्हणून गाडीच्या खालून येणारा आवाज ओळखणं ही मिस्त्रीइतकीच चालकाचीही गरज आहे.

माझं गॅरेज चंद्रपूरला आहे. येणारा चालक बहुधा म्हणतो, "भाऊ, आवाज तं येते, पन कुठून येते ते समजून नाही राहिलं." मी त्याला पान्हा हाती घेण्याआधी एकच विचारतो: आवाज केव्हा येतो? कुठून येतो हे लोखंड आपल्याला फसवून सांगतं. मागचा आवाज चेसिसवरून चालत पुढे येतो आणि पायाखाली आहे असं वाटतं. केव्हा येतो, हे मात्र फसवत नाही.

अशा गाडीत इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून दुसऱ्या एका पेटीत जाते. तिला आम्ही ट्रान्सफर केस म्हणतो. तिथून एक शाफ्ट मागच्या हाउसिंगकडे आणि एक पुढच्या. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. गाडी उचलताना किंवा गिअर टाकताना 'टक्' असा एकच ठोका बसत असेल तर आधी क्रॉस पाहा. गाडी सपाटीवर उभी करून चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा, न्यूट्रल करा आणि शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसच्या टोपीपाशी लाल भुकटी दिसली तर आतलं ग्रीस केव्हाच संपलं आहे. हाच क्रॉस कोरडा पडू लागला की हळू वेगात पाखरासारखा चिवचिवतो. त्या वेळी ग्रीस गनने काम भागू शकतं. पुढे तो तुटला की सुटा शाफ्ट खालून काय काय फोडेल, सांगता येत नाही.

घोंघावणारा आवाज असेल तर सरळ, मोकळ्या रस्त्यावर अॅक्सिलरेटर दाबा आणि मग सोडा. दाबल्यावर वाढतो, सोडल्यावर बदलतो, तर संशय क्राउन-पिनियनवर. पायाने काहीच फरक पडत नाही, फक्त वेगाबरोबर वाढतो, तर चाकाचं बेअरिंग. वळणावर त्याची खात्री होते. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग आधी तपासा. टायरचे गठ्ठे उंचसखल झिजले तरी असाच घुमतो, म्हणून टायरवरून हात फिरवून पाहायला विसरू नका. हे न करता हाउसिंग उघडणारे मिस्त्री मला आवडत नाहीत.

आता आपल्या मुलखाचं खास दुखणं, म्हणजे पाणी. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. पण गाडी मरते ती मोठ्या पुरात नव्हे, गुडघाभर नाल्यात. लांबून आलेलं हाउसिंग तापलेलं असतं. ते गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते. हाउसिंगवर हवा येण्या-जाण्यासाठी ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला असेल तर हवेऐवजी सीलमधून पाणी ओढलं जातं. चालकाला त्या दिवशी काहीच कळत नाही. तेलाचा दुधाळ चहा होतो, दात आणि बेअरिंग गंजतात, आणि दिवाळीच्या सुमारास गाडी ओरडू लागते. तोवर नाला सगळे विसरलेले असतात! उपाय साधा आहे. नाला ओलांडल्यावर दुसऱ्या सकाळी, गाडी हलवण्याआधी, खालचा ड्रेन प्लग किंचित सैल करा. पाणी तेलाखाली बसतं, म्हणून आधी तेच टपकेल. टपकलं तर तेल बदला, आणि ब्रीदर साफ करा. तेलाचे पैसे आणि क्राउन-पिनियनचे पैसे यांतला फरक मी सांगायला नको.

एक पिकअप माझ्याकडे आली ती ट्रान्सफर केस बदलण्याचा सल्ला दुसरीकडून घेऊनच. चारही चाकं जोडली की डांबरी रस्त्यावर कडकड, स्टिअरिंग जड, लिव्हर परत निघेना. पेटी धडधाकट होती. मालकाने पुढे नवे टायर घातले होते, मागचे गुळगुळीत. या जुन्या पद्धतीत फोर बाय फोर लावलं की पुढचे-मागचे शाफ्ट एकत्र बांधले जातात. चाकं लहान-मोठी झाली की शाफ्टला पीळ बसतो. चिखलात चाक घसरून तो सुटतो, डांबरावर सुटत नाही. चारही टायर सारखे केले, कडकड थांबली. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावूच नये, आणि लिव्हर अडकलाच तर थोडं सरळ मागे घ्यावं, म्हणजे पीळ उतरतो.

जंगलातच मागचा क्रॉस गेला तर? मागच्या शाफ्टची दोन्ही टोकं बोल्टने बसवलेली असतील, तर तो पूर्ण काढून गाडीत टाका. चाकांना हब लॉक असतील तर ते लावा, लिव्हर फोर बाय फोरवर टाका आणि पुढच्या चाकांवर हळूहळू निघा. पण शाफ्टचं टोक पेटीत सरकवलेलं असेल तर तो काढल्यावर तिथून तेल वाहून जाईल, तेव्हा ते तोंड घट्ट बंद केल्याशिवाय निघू नका. शाफ्ट काढण्याआधी चाकांना दगड लावायचेच. हँडब्रेक शाफ्टवर असेल तर शाफ्टबरोबर तोही गेलेला असतो, आणि उतारावर गाडी कोणासाठी थांबत नाही. गाडीत रोगी असेल तर त्यालाही आधी खाली उतरवून घ्या.