न्हाणीघरांतील विजेचा बंब



पूर्वीं ऊन पाण्यासाठीं पहांटे तांब्याचा बंब पेटवावा लागे. धूर डोळ्यांत जाई, प्रसंगीं हात पोळे. परंतु बंबाचा धोका डोळ्यांना दिसत असे. आतां भिंतीवरील विजेच्या बंबानें, म्हणजे गीझरनें, त्याची जागा घेतली आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत असलेल्या आमच्या झरी जामणी तालुक्यांतही तो येऊन पोंचला आहे. त्याचा धोका मात्र दिसत नाहीं. म्हणून जुना गीझर काढून नवा बसवितांना काय पाहावें, तें आज सांगावयाचें आहे.

‘गीझर बदलला, तार तीच, बटन तेंच,’ असें आपण सहज म्हणतों. पण आधीं नव्या गीझरवरील पट्टी वाचावी. पाणी सांठवून तापविणारा गीझर बहुधा २००० वॉटचा असतो. तत्काळ पाणी देणारा लहान गीझर बहुधा ३००० वॉटचा. या आंकड्यांस २३० व्होल्टनें भागलें, तर पहिल्याचा प्रवाह सुमारें ८.७ अँपियर व दुसऱ्याचा १३ अँपियर येतो. प्रवाह दीडपट झाला. परंतु तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा जूलचा नियम आहे. म्हणजे तीच तार सव्वादोनपट तापणार! दिव्यांसाठीं घातलेली बारीक तार येथें उपयोगाची नाहीं. तांब्याची निदान २.५ चौरस मिलिमीटरची, अंतर लांब असल्यास ४ ची, स्वतंत्र तार मुख्य फलकापासून आणावी, आणि सॉकेट १६ अँपियरचें असावें.

तारांच्या रंगांतही एक फसगत आहे. गीझरच्या दोरींत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची व हिरवी-पिवळी जमिनीची असते. आपल्या घरांच्या भिंतींत मात्र न्यूट्रल काळी असते, आणि निळी तार फेजचीही असूं शकते. केवळ रंगास रंग जोडणें म्हणजे संकटास आमंत्रण होय.

याविषयीं कायद्याची दृष्टि मार्मिक आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमानें घरगुती उपकरण बदलण्याची मोकळीक ठेवली होती. पण त्या बदलानें मूळ योजनेची क्षमता वा स्वरूप पालटतां कामा नये, अशी अट होती. तसें होत असल्यास काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावयाचें. पुढें २०१० च्या विनियमांतही हेंच तत्त्व राहिलें. २००० च्या जागीं ३००० वॉटचा गीझर आला, तर योजनेवरील भार बदललाच; तेव्हां परवानाधारक वायरमनला बोलावण्यांत कमीपणा मानूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. फलकावरील १६ अँपियरचा एमसीबी तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. ओल्या अंगांतून ०.०३ अँपियर एवढाच प्रवाह कांहीं क्षण वाहिला तरी प्राणावर बेतूं शकतें. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाहीं. ‘आमच्याकडे अर्थिंग आहे,’ असें कोणी म्हणेल. पण आमची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, आणि जमिनींत पुरलेल्या नळीचा तिच्याशीं संबंध सुटत जातो. समजा, त्या अर्थिंगचा अवरोध ५० ओहम झाला. मग गीझरमध्यें बिघाड होऊन त्याच्या अंगांत वीज उतरली, तरी जमिनींत जाणारा प्रवाह २३० भागिलें ५०, म्हणजे ४.६ अँपियरच! एमसीबी पडणार नाहीं. गीझरचें अंग आणि कदाचित् पाण्याची धारही जिवंत राहील. म्हणून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी अवश्य बसवावा. गेलेला प्रवाह व परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडतांच तो क्षणार्धांत वीज तोडतो. अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळाभर पाणी घालावें, आणि त्याचा अवरोध वायरमनकडून मोजून घ्यावा.

काम पूर्ण झाल्यावर नळांतून पाण्याची अखंड धार येईपर्यंत गीझर चालूं करूं नये. कोरडी कांडी जळून जाते. फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारें बटन न्हाणीघराच्या बाहेर असावें आणि स्नानास जाण्यापूर्वीं तें बंद करावें. आरसीसीबीवरील तपासणीची कळ महिन्यांतून एकदां दाबून पाहावी. ती दाबतांच वीज गेली नाहीं, तर त्या दिवशीं घरांत कोणालाही गीझरच्या पाण्यानें स्नान करूं देऊं नये. एक दिवस चुलीवरचें पाणी पुरेल.