अभियांत्रिकीतून वित्तव्यवसायाकडे



“मुलाला पुढे वित्तव्यवसायात जायचे आहे, पण आधी इंजिनिअर होऊ दे. कॉलेज कोणते घ्यावे?” हा प्रश्न आज अनेक घरांत ऐकू येतो. तो चमत्कारिक वाटला तरी निराधार नाही. रघुराम राजन १९८५ साली दिल्लीच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि २०१३ साली रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर!

या दोन विद्यांना जोडणारा दुवा गणिताचा आहे. ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या हक्काला ऑप्शन म्हणतात. त्याची किंमत काढण्याचे समीकरण ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ साली मांडले. त्याचे रूप थोडे पालटले की उष्णता पदार्थात कशी पसरते, हे सांगणारे समीकरण हाती येते. ते तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या परिचयाचेच!

म्हणून कॉलेज पाहताना इमारतीकडे किंवा शाखेच्या बोलबाल्याकडे पाहू नये. संभाव्यता, संख्याशास्त्र आणि संगणक हे विषय तेथे किती खोलवर शिकवतात, ते पाहावे. शाखेबाहेरचे अर्थशास्त्र शिकण्याची मुभा आहे काय, हे विचारावे. “आमच्याकडे बँका येतात” एवढ्यावर भुलू नये. बँक मुलांना कोणत्या कामासाठी नेते? जोखमीचे गणित मांडण्यासाठी, की केवळ संगणकाची देखभाल करण्यासाठी? आणि सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ऐकण्यापेक्षा वर्गातल्या मधल्या मुलाला काय मिळाले, ते विचारावे.

परंतु ज्या मुलाला वा मुलीला यंत्राची आणि विद्युत्मंडलाची मुळीच गोडी नाही, त्याने केवळ पदवीच्या प्रतिष्ठेसाठी चार वर्षे का घालवावीत? बापाने त्यासाठी कर्ज का काढावे? आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. सनदी लेखापालाची वाट तर बारावीनंतरच सुरू होते. अर्थशास्त्र वा संख्याशास्त्र घेऊनही या व्यवसायात उत्तम शिरकाव होतो.

तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या मुलाला एकच विचारा : “पुढे वित्तव्यवसाय नाहीच साधला, तर हे शिक्षण तुला आवडेल का?” उत्तर ‘होय’ असेल, तर खुशाल अभियांत्रिकीला पाठवा. ‘नाही’ असेल, तर फी भरण्याआधी दुसरी वाट पाहा.