एका छताखालचे दोन लेखक

आमच्या घरात लिहिणारी दोन माणसं आहेत. एक मी. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि तीसेक वर्षं कविता लिहितो आहे. दुसरा माझा मुलगा. तो पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रामर आहे आणि महिन्यातले दहा-बारा दिवस मिरजेच्या घरूनच काम करतो.

तो नेमकं काय करतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. सकाळी दहाला कानाला हेडफोन लावून पंधरा मिनिटांची बैठक. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं, एवढंच बोलायचं. मग दिवसभर पडद्याकडे टक लावून बसणं. लिहितो कमी, वाचतो जास्त, तेही दुसऱ्यानं लिहिलेलं. गेल्या रमजानमध्ये मी सहरीसाठी उठलो तर हा जागाच. कुठल्याशा ग्राहकाची बिलं एक दिवस मागच्या तारखेनं निघत होती. मी विचारलं, ‘‘सापडलं का?’’ म्हणाला, ‘‘सापडलं, अब्बा. चार तास शोधलं. एक ओळ खोडली आणि सुटलं.’’ एक ओळ खोडण्यासाठी रात्र घालवणारा माणूस माझ्याच बिरादरीतला, हे मला त्या पहाटे पटलं.

कायद्याला ते आधीच पटलेलं आहे. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. 1984 च्या दुरुस्तीनं संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’त धरला गेला. म्हणजे माझी गझल आणि त्याचा कोड एकाच खणात. फरक पुढे आहे. माझ्या कवितेवर हक्क माझा, आणि माझ्यामागे 60 वर्षं वारसांचा. तो नोकरीचा भाग म्हणून जे लिहितो, त्याची पहिली मालक कंपनी. वेगळा करार नसेल तर 17 वं कलम तसंच सांगतं. पगार मिळतो, तेव्हा त्याची तक्रार नाही. त्याचं नाव मात्र कुठेच छापलं जात नाही. मला हे सहन झालं नसतं. एका संस्थेनं स्मरणिकेत माझी कविता नावाशिवाय छापली, तेव्हा मी तीन पानी पत्र धाडलं होतं.

ते पत्र मी मोठ्या तोऱ्यात मुलाला दाखवलं. त्यानं विचारलं, ‘‘अब्बा, तुमचा पहिला संग्रह कुठे जुळवला होता?’’ 1998 ची गोष्ट. गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे. त्याच्याकडचं पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि फाँट, दोन्ही कुणाच्या तरी सीडीवरून उतरवून घेतलेले. त्यानं ते हसत सांगितलं होतं आणि मीही हसलो होतो. ती अक्षरं कुणीतरी बसून रेखली असतील, हे मनातही आलं नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून प्रोग्राम वापरला, तर कायद्यात 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

त्याच फाँटनं पुढे माझी कोंडी केली. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत पडद्यावर दिसतं मराठी, पण आत साठतं इंग्रजी. ‘राम’ लिहिलं तर फाइलीत जे, के, ई ही तीन अक्षरं असतात. फाँट नसलेल्या संगणकावर उघडलं की सगळा कचरा. माझ्या संग्रहांच्या फाइली अशाच पडून होत्या. मुलानं दोन रविवार बसून त्या युनिकोडमध्ये आणणारा छोटा प्रोग्राम लिहिला. नेमका ‘कविता’ या शब्दापाशी अडला! जुन्या फाँटात ‘वि’ची वेलांटी आधी टंकतात आणि ‘व’ नंतर. युनिकोडमध्ये ‘व’ आधी. रफाराचं बरोबर उलटं. मग ‘दर्द’, ‘मर्म’, ‘अर्थ’ असे शब्द मीच चाचणीसाठी पुरवले. बापलेकांचं हे पहिलं एकत्र लेखन.

सोलापूरच्या एका कविमित्राला हे कळलं. त्याच्याही कविता तशाच अडकलेल्या. ‘‘पोराला सांग, पाठवून दे.’’ मी सांगितलं. पोरगा गप्प. मग त्यानं नोकरीचा करार उघडून दाखवला. नोकरीत असताना, कामाच्या वेळेत किंवा वेळेबाहेर लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम कंपनीचा. खाली याची सही.

‘‘रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर, बापासाठी लिहिलेलासुद्धा?’’

‘‘शब्द तसेच आहेत, अब्बा.’’

त्याला तो नुसता मित्राला द्यायचा नाही, सगळ्यांना खुला करायचा आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1989 मध्ये जीपीएल हा परवाना आणला. युक्ती गमतीची आहे. कॉपीराइट सोडायचा नाही. त्याच्याच जोरावर सांगायचं की वापरा, बदला, वाटा, पण वाटताना हीच मोकळीक पुढच्यालाही द्या. लिनक्स याच परवान्यावर जगभर पोचलं. मात्र वाटून टाकण्यासाठीसुद्धा कॉपीराइट आधी आपल्या हातात असावा लागतो.

मी म्हटलं, ‘‘गुपचूप देऊन टाक. कुणाला कळतंय?’’

तो म्हणाला, ‘‘स्मरणिकेवालेही हेच म्हणाले असतील.’’

यावर मी काय बोलणार? त्यानं कंपनीकडे लेखी परवानगी मागितली. उत्तर आलं, विधी विभागाकडे पाठवलं आहे. त्याला आता पाच आठवडे झाले. सोलापूरचा मित्र दर रविवारी फोन करतो, ‘‘आलं का रे?’’ मध्यंतरी त्यानं छापील पुस्तक समोर ठेवून कविता पुन्हा टंकायला घेतल्या. सदतीस झाल्या. परवा म्हणाला, त्यातल्या दोन आता बदलाव्याशा वाटतात.