रक्तातील धातू आणि संमिश्र पटल



कुंभकोणमच्या भांडेबाजारात रसम् करण्याचा जो ईय चोम्बु मिळतो, तो शुद्ध कथलाचा असावा असा दंडक आहे. कथलात शिसे मिसळले तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. चिंचेच्या आंबट पाण्याला मात्र लागतो, आणि शिसे रसमातून पोटात, पोटातून रक्तात जाते. भोसल्यांच्या राजवटीपासून तंजावर प्रांतात नांदणाऱ्या मराठी घरांनाही ही भांडी परकी नाहीत.

रक्तात शिरलेला धातू बाहेर कसा काढावयाचा? निरोगी मूत्रपिंडे हे काम सावकाश का होईना, करीत असतात. ती निकामी झाली की रोग्याला अपोहनावर, म्हणजे डायलिसिसवर, विसंबावे लागते. १९४३ साली हॉलंडमधील कांपेन येथे विलेम कोल्फ यांनी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळलेल्या सेलोफेनच्या नळीतून रोग्याचे रक्त खेळविले. आज हजारो पोकळ तंतूंतून रक्त वाहते, बाहेरून द्रव वाहतो, आणि तंतूची भिंत हेच पटल. अनुवादकाला येथे ‘पडदा’ म्हणण्याचा मोह होतो. पण पडदा झाकतो, पटल निवडून सोडते.

दुर्दैव असे की, याच पटलातून एके काळी धातू उलट आत शिरला. चार तासांच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर द्रव रक्ताशेजारून जातो. शहराच्या पाण्यातील गाळ बसविण्यासाठी तुरटी घालतात. तिच्यातील ॲल्युमिनियम त्या द्रवातून रक्तात उतरे. रोग्याची वाचा अडखळे, झटके येत, बुद्धी भ्रमे. अशा मृत रोग्यांच्या मेंदूत ॲल्युमिनियम फार वाढलेले असते, हे ॲल्फ्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत दाखविले. अपोहनाचे पाणी अत्यंत काटेकोरपणे शुद्ध करण्याचा आग्रह त्यातून दृढ झाला.

मग आत आलेला धातू त्याच वाटेने परत का जात नाही? कारण तो रक्तात एकटा हिंडत नाही. ॲल्युमिनियम बहुतांशी ट्रान्सफेरिन या प्रथिनाला चिकटते आणि एवढा मोठा रेणू छिद्रांतून जात नाही. शिसे तर जवळजवळ सगळेच तांबड्या पेशींत दडते. संमिश्र पटलाची कल्पना येथूनच निघाली. पॉलिसल्फोनसारख्या बहुवारिकात कायटोसान, झिओलाइट किंवा ग्राफीन ऑक्साइड मिसळावयाचे, म्हणजे पटल नुसते चाळणार नाही, तर धातूला धरूनही ठेवील.

कल्पना सुंदर आहे, पण चंचुपात्रातील शिशाच्या पाण्यावर मिळालेला आकडा रक्ताला लावणे धाडसाचे ठरेल. पटलाने शिसे धरावे, पण कॅल्शियम व जस्त सोडावे. रक्त गोठवू नये. स्वतःचा कणही रक्तात झडू देऊ नये. शिवाय पेशींत दडलेले शिसे भिंतीपर्यंत पोहोचले पाहिजे, ते वेगळेच. ॲल्युमिनियमच्या बाबतीत डॉक्टर डेस्फेरिऑक्झामीन हे औषध देतात. ते प्रथिनाकडून धातू हिसकावून घेते आणि तयार झालेले लहान संयुग पटलातून निघून जाते. संमिश्र पटलाला हेच काम औषधावाचून करून दाखवावयाचे आहे.