दोन घरांतली एक रात्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ या नाटकावर मी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. सिनेट, कटवाले, रणांगण असा या नाटकात सगळा पुरुषांचा कारभार. स्त्रिया दोनच, आणि त्यांच्या वाट्याचे प्रवेशही थोडे. मग महिला मंडळात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. मला तर वाटते की, या कटाचे मर्म सिनेटच्या सभागृहापेक्षा त्या दोघींच्या घरांतच अधिक उलगडते.

आधी हकीकत थोडक्यात सांगते. राजांना हाकलून दिल्यापासून साडेचारशेहून अधिक वर्षे रोमचा कारभार निवडलेले अधिकारी आणि सिनेट मिळून पाहत असत. ‘राजा’ हा शब्दच तिथे शिवीसारखा झाला होता. सीझरने गॉल देश जिंकला, पाँपीचा पाडाव केला आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये तो तहहयात सर्वाधिकारी झाला. आता हा मुकुटही घालणार, या धास्तीने कट शिजला आणि १५ मार्च रोजी सिनेटच्या बैठकीतच त्याला भोसकून मारण्यात आले. प्लूटार्कने लिहिलेल्या चरित्रांच्या आधारे शेक्सपिअरने १५९९ च्या सुमारास हे नाटक रचले.

कटवाल्यांपाशी खंजीर पुष्कळ होते. उणीव होती ती एका निष्कलंक नावाची. कॅशिअसच्या मनात मत्सर आहे, हे लोकांना दिसत होते. ब्रूटसविषयी मात्र कोणी वावगा शब्द काढला नसता. म्हणून कॅशिअसने त्याला पूर्वजांच्या कीर्तीची आठवण करून दिली. निरनिराळ्या हस्ताक्षरांतल्या चिठ्ठ्या लिहून त्याच्या खिडकीतून आत टाकविल्या, जणू सारे रोम त्यालाच साकडे घालीत आहे. ब्रूटसने त्या खऱ्या मानल्या. सीझरने अजून अन्याय केलेला नाही, हे तो स्वतःशी कबूल करतो. पण मुकुट मिळाल्यावर तो करील, म्हणून आधीच त्याला संपवावे, असा निवाडा देतो. न घडलेल्या अपराधाची ही शिक्षा!

त्याच वादळी रात्री ब्रूटसची पत्नी पोर्शिया जागी आहे. पती जेवत नाही, झोपत नाही. मध्यरात्री तोंडे झाकलेली माणसे येऊन गेली, हेही तिने पाहिले आहे. सुखात वाटा आणि चिंतेत परकेपणा, हे तिला मान्य नाही. गुपित पेलण्याचे बळ आपल्यात आहे, हे पटविण्यासाठी तिने स्वतःच्या मांडीवर घाव करून घेतला आहे. ब्रूटस द्रवतो, सारे सांगण्याचे वचन देतो. परंतु भगिनींनो, वेळ लक्षात घ्या. कटवाल्यांना त्याने आधीच शब्द दिलेला होता. पोर्शियाला गुपित कळले. सल्ला देण्याची संधी काही मिळाली नाही.

दुसऱ्या घरी कॅल्पर्नियाला स्वप्न पडले आहे. सीझरच्या पुतळ्यातून रक्ताच्या धारा उडत आहेत आणि रोमकर त्यांत हसतमुखाने हात धूत आहेत. आज बाहेर जाऊ नका, म्हणून ती गुडघे टेकून विनवते आणि सीझर ऐकतोही. इतक्यात कटातला डीशिअस येतो. स्वप्नाचा अर्थ शुभ आहे, असे तो गोड शब्दांत पटवितो. सिनेट आज मुकुट देणार आहे, असे सांगतो. बायकोच्या स्वप्नासाठी सभा थांबविली तर लोक हसतील, असेही सुचवितो. सीझर लगेच निघतो. चौकात जमावापुढे ज्याने मुकुट तीनदा नाकारला, त्याच्या मनातली इच्छा इथे, घरात, उघडी पडते.

दोन्ही घरांतला डाव एकच आहे. सीझरला मुकुटाची हाव होती. ब्रूटसला मुकुट नको होता. पण रोमचा तारणहार म्हणून मिळणारे नाव, मला वाटते, त्याला गोड लागले. महत्त्वाकांक्षा सत्तेचीच असते असे नाही. सज्जनपणाच्या लौकिकाचीही असते, आणि तिच्यावर संशय कोणी घेत नाही, म्हणून ती अधिक फसविते.

मग व्हायचे ते झाले. कॅल्पर्नियाचे स्वप्न कटवाल्यांनी स्वतःच्या हातांनी खरे केले. सीझरच्या रक्तात त्यांनी हात माखून घेतले. अँटनीच्या भाषणाने पिसाळलेल्या जमावाने सिना नावाच्या निरपराध कवीला केवळ नामसाधर्म्यामुळे ठार केले. पोर्शियाने निखारे गिळून प्राण दिला. इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत कॅशिअस आणि ब्रूटस दोघांचाही अंत झाला. नाटकाच्या पुढचा इतिहास तर याहून कठोर आहे. जी एकहाती सत्ता टाळण्यासाठी हा खून केला, तीच इ. स. पूर्व २७ मध्ये सीझरच्या दत्तकपुत्राच्या, ऑगस्टसच्या, रूपाने रोममध्ये कायमची आली.

हे नाटक हाती घ्याल तेव्हा दुसरा अंक सावकाश वाचा, एवढीच विनंती आहे. गोड बोलणारा कोण, आणि काळजीने बोलणारी कोण, हे त्या एका रात्रीत दोन्ही घरांत स्पष्ट दिसत होते. ओळखणाऱ्यांनी ओळखले नाही, इतकेच.