जगाच्या पंक्तीत आपली भाषा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवात शाळेच्या प्रमुखाने शाळेविषयीच बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र आज पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे संस्थापक-संचालक डॉ. जब्बार पटेल यांच्या वाटचालीविषयी बोलणार आहे. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत आपण पालक मला एक प्रश्न विचारता : बेंगळुरूसारख्या शहरात मराठी माध्यमातून शिकलेले मूल जगाच्या मागे तर पडणार नाही ना? या प्रश्नाचे उत्तर मला त्या वाटचालीत सापडते.

डॉ. पटेल यांचा जन्म १९४२ सालचा, पंढरपूरचा. शालेय शिक्षण सोलापुरात झाले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा सोलापूरच्या पेठांतून सहज कानी पडतात. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. दौंड येथे बालरुग्णांवर उपचार करीत असतानाच त्यांनी पुण्यातील रंगभूमीशी असलेले नाते जपले.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी १९७२ मध्ये रंगभूमीवर आणले. नाटकावर वादळ उठले आणि एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने प्रयोग थांबविले. तेव्हा या तरुण कलावंतांनी हळहळत बसण्याऐवजी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ ही स्वतःची संस्था उभी केली. तेच नाटक, त्याच मराठी भाषेत, १९८० मध्ये युरोपातील रंगमंचांवर पोहोचले. परदेशी प्रेक्षकांसाठी त्यातील कीर्तनाचा, लावणीचा बाज कोणी सौम्य केला नाही. किंबहुना त्या बाजामुळेच ते नाटक तेथे वेगळे ठरले.

चित्रपटांतही हेच घडले. रामदास फुटाणे यांची निर्मिती असलेला ‘सामना’ हा त्यांचा पहिला चित्रपट. साखर कारखान्याच्या परिसरातील सत्तेची ही कथा १९७५ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात पोहोचली. त्यानंतर ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’ आणि १९८२ मध्ये ‘उंबरठा’ आला. ‘उंबरठा’मध्ये स्मिता पाटील यांच्यासमवेत होते गिरीश कार्नाड. आपल्या याच जे. पी. नगरात अनेक वर्षे राहिलेला हा थोर कन्नड नाटककार मराठी चित्रपटात परका वाटला नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील चित्रपटात पटेल यांनी मुख्य भूमिका मल्याळी अभिनेते मामुट्टी यांना दिली आणि त्या भूमिकेस राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ज्याचे पाय स्वतःच्या भाषेत घट्ट रोवलेले असतात, त्याला दुसऱ्या भाषेचा हात धरण्याचे भय वाटत नाही.

साठीच्या उंबरठ्यावर, २००२ मध्ये, त्यांनी पुण्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू केला. त्यासाठी भूमी अनुकूल होती. १९३३ मध्ये ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्यास आली होती. तिच्याच आवारात पुढे चित्रपट शिक्षणसंस्था उभी राहिली आणि १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच शहरात आहे. परंतु भूमी अनुकूल असली तरी मशागत दरवर्षी नव्याने करावी लागते. चित्रपट निवडायचे, परीक्षक बोलवायचे, चित्रपटगृहे मिळवायची, निधी जमवायचा आणि संपले की पुन्हा पुढील वर्षाच्या तयारीस लागायचे. दिग्दर्शक आपली कलाकृती जगापुढे मांडतो. महोत्सवाचा संस्थापक मात्र इतरांच्या कलाकृतींसाठी दालन उघडतो आणि स्वतः दाराशी उभा राहतो. शिक्षकाचे काम याहून फारसे वेगळे नसते.

या महोत्सवाची एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. तेथे जागतिक चित्रपटांची स्पर्धा असते, तशीच मराठी चित्रपटांचीही असते. जागतिक विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाला ‘प्रभात’चे, तर मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाला ‘संत तुकाराम’चे नाव असलेला पुरस्कार दिला जातो. १९३६ चा ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला होता, हे आपणांस ठाऊक असेलच. जगाला दार बंद करून मराठीचे रक्षण करावे, असे या महोत्सवाने मानले नाही, आणि जग आले म्हणून मराठीला ओसरीवरही बसविले नाही. एकाच पंक्तीत दोघांची पाने मांडली.

पालकहो, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. मराठी माध्यम म्हणजे कुंपण नव्हे. मूल प्रथम ज्या भाषेत विचार करते, त्या भाषेत त्याला नीट विचार करू द्यावा आणि मग कन्नड, इंग्रजी, हिंदी यांची दारे त्याच्यासाठी सताड उघडावीत. केवळ मराठीच्या अभिमानावर शाळा चालणार नाही आणि मराठीची लाज बाळगून तर मुळीच चालणार नाही. मात्र दोन्ही पाने मांडायची तर वाढणारे हात हवेत. शिक्षक अर्धे काम करतील. उरलेले अर्धे घरी आणि माजी विद्यार्थ्यांच्या सहकार्याने व्हायचे आहे.

म्हणून या वर्षी एक छोटा आरंभ करू या. आपल्या शेजारी, बनशंकरीत, ‘सुचित्रा’ ही चित्रपट संस्था १९७१ पासून रसिक घडवीत आली आहे. तिच्यापासून धडा घेऊन आपल्या सभागृहात महिन्यातील एका शनिवारी मुलांना एक चांगला चित्रपट दाखवू या : एकदा मराठी, एकदा कन्नड, एकदा दूरच्या देशातला. चित्रपटानंतर अर्धा तास मुलांनी बोलावे आणि आपण ऐकावे. चित्रपटांची निवड शिक्षक करतील. पडदा, प्रक्षेपक आणि त्या शनिवारचे तीन तास देण्यास कोण तयार आहे, एवढे आज घरी जाण्यापूर्वी कार्यालयातील वहीत नोंदवून जावे, ही नम्र विनंती.