विषय कोणता घेतला
(सभेतलं भाषण)

मी कोपरखैरण्यात राहून वकिली शिकतोय. ऐच्छिक विषय निवडताना मित्र म्हणाले, कंपनी कायदा घे, पैसा त्यात. पण खोलीखालची जमीन सिडकोने शेतकऱ्यांकडून घेतलेली. १९८४ ला जासईच्या आंदोलनात पाच जीव गेले, तेव्हा कुठं साडेबारा टक्के भूखंड मिळाले. मी पर्यावरण कायदा घेतला. वनहक्काचा नियम १३ त्यातच वाचला.

आपले दावे ‘कागद नाही’ म्हणून परत आले ना? दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा आहे. जोडीला जुनी विहीर, बांध, मसणवट दाखवा. एकाहून जास्त पुरावे लागतात. कसणूक १३ डिसेंबर २००५ च्या आधीची हवी. नामंजुरी लेखी मागा, ६० दिवसांत अपील टाका.

रविवारी जबाब लिहायला येतो. वरच्या पाड्यातल्या आजीला त्या दिवशी बाजारला पाठवू नका.